अकलूजचे मास्तर आणि आपला ऑफ तास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा समितीचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो आणि मग आठ दिवस कोरा कागद पुढे घेऊन बसलो. शाळेच्या आठवणी सगळ्यांकडेच आहेत. नवी पेठेतली गर्दी चुकवत, सायकल हातात धरून गाठलेली शाळा, घंटा झाल्यावरची फाटकापाशी होणारी रेटारेटी, कापडदुकानांच्या पायऱ्यांवर बसून फोडलेले शेंगदाणे, हे इतर कोणीतरी माझ्यापेक्षा बरं लिहील. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. म्हणून विचार केला की आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाचा छोटासा इतिहास लिहावा. त्याचा आपल्या वर्गाशी संबंध आहे, आणि त्या संबंधात माझी एक चूकही आहे. ती चूक कबूल करायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

तो माणूस म्हणजे द. मा. मिरासदार.

आठवीत असताना गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास बहुधा ऑफ असायचा. कोणीतरी सर रजेवर असायचे किंवा बैठकीत अडकायचे. मग आपले मराठीचे सर (नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे) कपाटातून एक पुस्तक काढून आणायचे. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, त्यामुळे आत काय आहे ते कळायचं नाही. सर टेबलाच्या कडेला टेकून उभे राहायचे, पान उघडायचे आणि वाचायला लागायचे. दहा मिनिटांत मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकायची. भोकरवाडीचा नाना चेंगट, बाबू पैलवान, शिवा जमदाडे, रामा खरात आणि गणामास्तर यांची आपली ओळख अशीच झाली. त्यांचा लेखक आपल्याच जिल्ह्यातल्या अकलूजचा आहे, हे सरांनी सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसला नव्हता. लेखक पुण्या-मुंबईत जन्मतात, असा आपला पक्का समज होता.

दत्ताराम मारुती मिरासदार यांचा जन्म १४ एप्रिल १९२७ रोजी अकलूजला झाला. माळशिरस तालुक्यातलं, नीरा नदीच्या काठचं हे गाव. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच गावावरून पंढरीला जाते. मिरासदारांचं शिक्षण अकलूजला आणि पंढरपूरला झालं, पुढे ते पुण्याला जाऊन एम.ए. झाले. ही दोन गावं नीट लक्षात घ्यायला हवीत. अकलूज म्हणजे शेतीवाडी, बाजार, चावडी, कोर्टकचेऱ्यांच्या गप्पा. पंढरपूर म्हणजे बारा महिने बोलणारं गाव. वाळवंटात कीर्तन, मठात प्रवचन, घाटावर पुराण, यात्रेत भारूड आणि तमाशा. पंढरपुरात वाढणाऱ्या मुलाला गोष्ट पुस्तकात भेटायच्या आधी कानात भेटते. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा तो एकटाच राजा होतो, राणी होतो, शिपाई होतो. मध्येच थांबतो, टाळकऱ्यांकडे बघतो, श्रोत्यांना ताटकळत ठेवतो आणि मग पुढे जातो. मिरासदारांचं पुढचं कथाकथन ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हे थांबणं ओळखीचं वाटेल.

आता थोडं मागे जाऊ. मराठी गोष्टीत खेडं आलं ते काही मिरासदारांपासून नव्हे. र. वा. दिघे, ग. ल. ठोकळ यांनी खेड्यावर लिहिलं होतं. श्री. म. माटे यांचं ‘उपेक्षितांचे अंतरंग’ १९४१ साली आलं होतं. पण त्या काळच्या बऱ्याचशा लेखनात खेडं लांबून दिसायचं. हिरवं शेत, झुळझुळ ओढा, भोळा शेतकरी आणि दुष्ट सावकार. १९४९ साली व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ आलं आणि चित्र बदललं. माणदेश म्हणजे आपल्या सांगोल्याला लागून असलेला कोरडा मुलूख. तिथली माणसं त्यांच्या नावागावासकट, त्यांच्या भाषेसकट कागदावर उभी राहिली. १९५५ साली त्यांची ‘बनगरवाडी’ आली. धनगरांच्या वस्तीवर एकशिक्षकी शाळेत गेलेला तरुण मास्तर हा त्या कादंबरीचा निवेदक आहे. कोल्हापूरकडून शंकर पाटील आले. माडगूळकर आणि मिरासदार दोघेही १९२७ चे, पाटील १९२६ चे. तिघेही स्वातंत्र्य आलं तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते, तिघांनीही गाव सोडून शहर गाठलं होतं, आणि तिघांच्याही कानात गाव बोलत होतं.

एक गोष्ट इथे इतिहासाचा मास्तर म्हणून सांगावीशी वाटते. या पिढीच्या गोष्टींत शाळामास्तर फार भेटतो. बनगरवाडीचा मास्तर तर आहेच. मिरासदारांच्या ‘व्यंकूची शिकवणी’, ‘ड्रॉइंग मास्तरांचा तास’, ‘शाळेतील समारंभ’ या कथांची नावंच बघा. याचं कारण साधं आहे. त्या काळच्या गावात लिहिता-वाचता येणारा, पगार घेणारा आणि तरीही गावाच्या पारावर बसू शकणारा माणूस म्हणजे मास्तरच. त्याला गाव आतून दिसायचं आणि थोडं बाहेरूनही दिसायचं. गोष्ट सांगणाऱ्याला हीच जागा लागते. मिरासदार स्वतः आधी शाळेत शिक्षक होते, पुढे पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक झाले. म्हणजे त्यांचं सगळं नोकरीचं आयुष्य वर्गात गेलं. चाळीस-पन्नास पोरं समोर आहेत, त्यातली निम्मी खिडकीबाहेर बघताहेत, आणि तास संपायला अजून अर्धा तास आहे, हा प्रसंग ज्याने रोज निभावला त्याला श्रोत्यांना धरून ठेवण्याची कला वेगळी शिकावी लागत नाही. आपल्या शिक्षकांपैकी जे हे वाचत असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

१९६२ च्या सुमारास या तिघांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. माडगूळकर, पाटील आणि मिरासदार एकत्र गावोगाव जाऊ लागले आणि व्यासपीठावर आपापल्या कथा सांगू लागले. याला कथाकथन म्हणायचं. आज हा शब्द आपल्याला जुना वाटतो, पण तेव्हा लेखकाने तिकीट लावून किंवा व्याख्यानमालेत उभं राहून गोष्ट सांगायची आणि लोकांनी दोन-अडीच तास ती ऐकायची, ही गोष्ट नवलाचीच होती.

ती नेमकी त्याच काळात का रुजली, याचा विचार केला तर बऱ्याच गोष्टी जुळून येतात. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. तालुक्याच्या गावांतून माध्यमिक शाळा निघत होत्या, महाविद्यालयं उघडत होती, साखर कारखान्यांची गावं वाढत होती. या सगळ्या ठिकाणी स्नेहसंमेलनं होत, गणेशोत्सव होत, व्याख्यानमाला होत. कार्यक्रम तर हवा, पण नाटक कंपनी बोलवायला पैसा कुठून आणायचा? कथाकथनाला काय लागतं? एक माइक, एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि खाली अंथरायला सतरंज्या. लेखक एस.टी.ने येई, कार्यकर्त्याच्या घरी जेवे आणि रात्री गोष्ट सांगे.

दुसरं कारण भाषेचं. गावाकडची बोली छापून आली की शहरातला वाचक अडखळतो. ‘आरं तिच्या मारी’ कसं म्हणायचं, ते रागाने म्हटलंय की कौतुकाने, हे अक्षरावरून कळत नाही. आवाजातून ते लगेच कळतं. आणि ज्याच्या तोंडची ती बोली असते, त्या गावाकडच्या माणसाच्या हातात पुस्तक पोचलेलंच नसे. तो ऐकायला मात्र येत असे. म्हणजे कथाकथनाने एकाच मांडवात वाचणारा आणि न वाचणारा असे दोघे शेजारी बसवले. पुस्तकाला हे जमलं नव्हतं.

तिघांच्या सांगण्याच्या तऱ्हा वेगळ्या. शंकर पाटलांची ‘धिंड’ ज्यांनी ऐकली त्यांना पाटलांच्या आवाजातला तो कोल्हापुरी ठसका विसरता येत नाही. माडगूळकर शब्द मोजून टाकत. मिरासदार स्वतः हसत नसत. मी पुढे नोकरीनिमित्त काही वर्षं पुण्यात होतो तेव्हा त्यांना एकदा प्रत्यक्ष ऐकलं. साधा शर्ट, चष्मा, चेहरा असा की जणू बँकेतल्या खात्याची चौकशी करायला आलेत. समोर लोक पोट धरून हसताहेत आणि हे गृहस्थ शांतपणे पुढचं वाक्य कधी टाकायचं याची वाट बघत उभे. हशा ओसरायच्या किंचित आधी ते पुढचं वाक्य टाकत, त्यामुळे ते ऐकण्यासाठी लोक आपलं हसू आवरत आणि ते वाक्य ऐकून पुन्हा फुटत. हातवारे जवळजवळ नाहीतच. हे महाराष्ट्रभर तर झालंच, पण अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींनीही त्यांना बोलावून ऐकलं.

पुस्तकंही चालूच होती. ‘माझ्या बापाची पेंड’, ‘भुताचा जन्म’, ‘चकाट्या’, ‘हुबेहूब’, ‘गप्पागोष्टी’, ‘भोकरवाडीच्या गोष्टी’, ‘मिरासदारी’ अशी यादी बरीच मोठी आहे. ‘मी लाडाची मैना तुमची’ हे वगनाट्य त्यांचं. ‘एक डाव भुताचा’ या १९८२ च्या चित्रपटाची पटकथा आणि संवाद त्यांचे, आणि त्यात हेडमास्तरांचं कामही त्यांनीच केलं आहे. अशोक सराफ आणि दिलीप प्रभावळकर यांच्या त्या सिनेमातला हेडमास्तर बघून आपल्यातल्या किती जणांना आपले हेडमास्तर आठवले होते, ते इथे न लिहिलेलंच बरं. १९९८ साली परळी वैजनाथच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिरासदारांकडे आलं. त्याआधी १९८३ साली अंबाजोगाईला माडगूळकर आणि १९८५ साली नांदेडला शंकर पाटील अध्यक्ष झाले होते. सतरंजीवरच्या श्रोत्यांपुढे एकत्र उभे राहिलेले तिघेही पुढे संमेलनाध्यक्ष झाले, आणि तिघांनाही तो मान मराठवाड्यातल्याच गावांनी दिला, हा योगायोग मला फार आवडतो.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता दुसरी बाजू.

आपण शाळेत होतो त्याच सुमाराला, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहत होती. आनंद यादव त्यात पुढे होते. ‘गोतावळा’ १९७१ साली आली होती, त्याच वर्षी रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आली होती. या लेखकांचा आणि समीक्षकांचा एक रोकडा सवाल होता. खेड्यातला माणूस १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत होता, आणि शहरातले लोक सभागृहात बसून त्याच्या बावळटपणावर हसत होते, हे बरं आहे का? विनोदी ग्रामीण कथेने खेडुताला इरसाल किंवा मूर्ख यापलीकडे काही होऊच दिलं नाही, असा तो आक्षेप होता. दलित लेखकांचा सवाल तर त्याहून कडवा. गावाच्या पारावरच्या गप्पा गमतीच्या खऱ्या, पण त्या पारावर कोणाला बसू दिलं जात नव्हतं? आपल्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातल्या शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. ते वाचल्यावर त्याच मातीतलं दुसरंच गाव दिसतं, आणि तिथे हसायला जागा सापडत नाही.

हा सवाल मी कॉलेजात वाचला तेव्हा मला तो पुस्तकी वाटला नाही. कारण आपल्या वर्गात तो घडून गेला होता.

आठवीत आपल्या वर्गात मंगळवेढ्याकडचा एक मुलगा आला. बोर्डिंगात राहायचा. उंच, सावळा, अक्षर मोत्यासारखं, पण तोंड उघडलं की ‘व्हय’ आणि ‘न्हाई’. आपण सोलापूरचे, म्हणजे आपली भाषा काय पुण्याची होती असं नाही. ‘काय करायलास बे?’ हे आपलं शुद्ध मराठी. वर्गात अर्धी पोरं घरी तेलुगू बोलणारी, काही कानडी, काही उर्दू. तरीसुद्धा मंगळवेढ्याच्या पोराला हसायचा हक्क आपल्याला आहे, असं आम्हाला वाटे. त्याची नक्कल करण्यात मी पटाईत होतो. सुट्टीत माझ्याभोवती घोळका जमायचा आणि मी ‘व्हय-न्हाई’ करून दाखवायचो. त्याला मी नावही तेच पाडलं होतं. ते नाव चालवण्यात सगळ्यांचा हात होता, पण पाडलं मी.

एका गुरुवारी सरांनी भोकरवाडीची गोष्ट वाचता वाचता पुस्तक त्याच्या हातात दिलं. म्हणाले, ‘‘हे संवाद तू वाच, मला नीट जमत नाहीत.’’ तो उभा राहिला, वाचायला लागला. चेंगटाचं पहिलंच वाक्य त्याच्या तोंडून आलं आणि वर्ग कोसळला. असा हशा आपल्या वर्गाने कधी ऐकला नव्हता. सरही हसले. तास संपला. मला वाटलं, वा, काय मजा आली.

चाळीसेक वर्षांनी, दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट झाला तेव्हा त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी तो तास मोठ्या कौतुकाने काढला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘त्या दिवशी मी रात्री जेवलो नव्हतो. तुम्ही चेंगटाला हसायलात का मला, हे मला कळंना.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी त्यालाच हसत होतो.

मग त्याने पुढची हकिगत सांगितली. ती आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो सरांकडे गेला आणि म्हणाला, मी पुन्हा वाचणार नाही. सरांनी त्याला समजावलं नाही, रागावलेही नाहीत. दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर होती. सरांनी खाकी कव्हरचं ते पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘घरी घेऊन जा. घरच्यांना वाचून दाखव. मग ये आणि सांग.’’

घरी कंदिलाच्या उजेडात त्याने ओसरीवर ती गोष्ट वाचली. आई, आजी, वडील, शेजारचे दोघे-तिघे. त्यांना वाचता येत नव्हतं. त्याने वाचायला सुरुवात केली तेव्हा तो घाबरला होता, की गावाची चेष्टा केली म्हणून वडील चिडतील. पण दोन पानं झाली आणि आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग वडील हसले. शेजारचा एक जण म्हणाला, ‘‘आरं, ह्यो तर आपला अमकाच की!’’ आणि त्यांनी गावातल्या एकेकाची नावं पात्रांना द्यायला सुरुवात केली. गोष्ट बाजूलाच राहिली, तासभर गावातल्या गमती निघाल्या. शेवटी वडील म्हणाले, ‘‘लिवनारा मानूस आपल्यातलाच दिसतुया.’’

‘‘तिथं कोणी कोणाला खाली बघून हसत नव्हतं,’’ माझा मित्र म्हणाला. ‘‘सगळी स्वतःला हसत होती.’’

सुट्टीनंतरच्या गुरुवारी तो स्वतःहून उभा राहिला, हे मात्र आपल्याला आठवत असेल. पुस्तक हातात नव्हतं. त्याने मिरासदारांची गोष्ट सांगितलीच नाही. त्याच्या गावातली, चोरीला गेलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली. जोरात नाही, हातवारे नाहीत. मध्येच थांबत, आपल्याकडे बघत. तासाची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही, आणि पुढच्या तासाचे सर दारात उभे राहून ऐकत होते. त्या दिवसानंतर ‘व्हय-न्हाई’ हे नाव आपोआप बंद पडलं. मीच ते बंद केलं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. खरं म्हणजे ते त्याने बंद पाडलं.

समीक्षकांचा सवाल मला अजूनही खरा वाटतो. सभागृहात बसून चेंगटाला हसणारा श्रोता नक्की कोणाला हसतो, हे मिरासदारांच्या हातात नव्हतं. आमच्या वर्गात ते सरांच्याही हातात नव्हतं. पण भोकरवाडीच्या गोष्टी पुन्हा वाचल्या तर एक दिसतं. तिथे शहाणा कोणीच नाही. चेंगट फसतो तसा पैलवानही फसतो, पुढारी फसतो तसा मास्तरही फसतो. गोष्ट सांगणारा कुठे उंच माडीवर बसून बघत नाही, तोही त्याच कोंडाळ्यात मांडी घालून बसलेला असतो. ‘भुताचा जन्म’ या कथेत भूत नसताना गावात भूत कसं जन्माला येतं, हे वाचताना शहरातल्या माणसाने स्वतःच्या कॉलनीतल्या अफवा आठवून बघाव्यात. आता तर आपल्या व्हॉट्सॲप गटावर आठवड्याला एक भूत जन्माला येतं.

शिवाय मिरासदार म्हणजे नुसतं हसणं, हाही आपला गैरसमजच. ‘स्पर्श’, ‘गवत’, ‘कोणे एके काळी’ या त्यांच्या कथा ज्यांनी वाचल्या असतील त्यांना ठाऊक आहे, की हा लेखक मनात आणलं तर घशात आवंढा आणू शकत होता. लोकांनी त्यांच्याकडे हसूच मागितलं आणि त्यांनी ते भरभरून दिलं. गंभीर कथा मागे राहिल्या. याबद्दल तक्रार करावी तर आधी आपली, वाचकांची करावी लागेल.

२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात मिरासदार गेले. चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य. माडगूळकर आणि पाटील त्यांच्या कितीतरी आधी गेले होते. त्या दिवशी गटावर पहिला निरोप मंगळवेढ्याच्या मित्राचाच होता. त्याने लिहिलं होतं, ‘‘आपल्या बोलीला माइकसमोर उभं करणारा गेला.’’ त्याखाली आपल्या सरांनी, वयाच्या ऐंशीच्या पुढे, मुलाकडून टाइप करून घेऊन एवढंच लिहिलं होतं, ‘‘पुस्तक अजून तुझ्याकडेच आहे. परत कर.’’

ते पुस्तक खरंच त्याच्याकडे आहे. खाकी कव्हर फाटलं, म्हणून त्याने दोनदा बदललं. त्याच्या मुलांना त्याने त्यातून गोष्टी सांगितल्या, आता नातीला सांगतो. त्याची नात इंग्रजी शाळेत जाते, मराठी अडखळत वाचते, पण ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ ठसक्यात म्हणते. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

आपल्या गावाला लेखकांची कमतरता नाही. त्र्यं. वि. सरदेशमुख आपल्याच शहरात राहून लिहीत होते. सोलापुरातच जन्मलेले मारुती चितमपल्ली २००६ साली आपल्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा आपल्यातले बरेच जण मांडवात हजर होते. हिराचंद नेमचंद वाचनालयाने आपल्यातल्या कितीजणांना वाचतं केलं, त्याचा हिशोब नाही. पण लेखक होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. गोष्ट सांगणं मात्र सगळ्यांना येतं, फक्त कोणीतरी एकदा उभं करावं लागतं आणि समोरच्यांनी गप्प बसून ऐकावं लागतं. आपल्या सरांनी दर गुरुवारी तेवढंच केलं. त्या तासांची परीक्षा नव्हती, गुण नव्हते, आणि कुठल्याच गुणपत्रिकेत त्यांची नोंद नाही.

तर समितीला माझी एक विनंती. संमेलनाच्या दिवशी सत्कार, हारतुरे, फोटो हे सगळं होऊ द्या. पण जेवणानंतरचा एक तास मोकळा ठेवा. ऑफ तास म्हणून. सर येणार आहेत, त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची द्या. मंगळवेढ्याचा मित्रही येणार आहे आणि येताना खाकी कव्हरचं पुस्तक आणणार आहे, असं त्याने मला कबूल केलं आहे. ते तो सरांना परत करेल आणि मग म्हशीची गोष्ट पुन्हा सांगेल.

आणि मित्रा, हे छापून येईल तेव्हा तू वाचशीलच. फोनवर मला बोलता आलं नाही, ते इथे सगळ्यांसमोर लिहितो. त्या गुरुवारी मी चेंगटाला हसत नव्हतो, तुला हसत होतो. ते नाव मी पाडलं होतं. माझं चुकलं. या वेळी मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे.